तेल पिणारा फोम : 'नव्वद पट' म्हणजे नक्की किती?

दर्याचीफ
भाच्याने परवा एक व्हॉट्सअ‍ॅप ढकललं. रद्दी कागदापासून केलेला फोम, स्वतःच्या वजनाच्या नव्वद पट तेल पितो, वापरून झाला की मातीत कुजून जातो, वगैरे. खाली समुद्रातल्या कासवाचा फोटो. वर प्रश्न : "मामा, तुमच्या वेळी हे असतं तर?"

आमच्या वेळी काय होतं ते आधी सांगतो. बत्तीस वर्षं इंजिनरूममध्ये काढली, आता रेवदंड्याला घरी असतो. जहाजांनी समुद्र घाण करू नये म्हणून केलेल्या मार्पोल करारामुळे प्रत्येक मोठ्या जहाजावर तेलगळतीचा आराखडा, म्हणजे सोपेप, ठेवावा लागतो आणि त्याचं सामान डेकवरच्या सोपेप लॉकरात असतं. लॉकर उघडलं की आत लाकडाच्या भुशाच्या गोणी, पांढऱ्या शोषक पॅडचे गठ्ठे, फावडी, बादल्या, झाडू, चिंध्या. ड्रिलच्या दिवशी सगळं मोजायचं, सही करायची, परत बंद.

ते सामान खरंच वापरायची पाळी माझ्यावर एकदाच आली. बंदराचं आणि जहाजाचं नाव राहू द्या. बंकर घेत होतो, म्हणजे जहाजाचं इंधन भरत होतो. टाकीचं साउंडिंग, म्हणजे तेल किती भरलं ते मोजणं, माझ्याकडे. पंपाचा वेग कमी करायला इंधन देणाऱ्या बार्जवाल्याला सांगायला दोन मिनिटं उशीर झाला आणि एअर व्हेंटमधून तेल वर आलं. सांडलेलं तेल समुद्रात जाऊ नये म्हणून अशा वेळी स्कपरला, म्हणजे डेकवरचं पाणी वाहून जायच्या भोकांना, लाकडी बुचं ठोकलेली असतात. त्यातलं एक बूच सैल होतं. हेही माझंच काम होतं.

ते तेल वाहत नव्हतं, सरकत होतं. गुऱ्हाळावरची काकवी थंड झाल्यावर सरकते तसं. आम्ही पांढरे पॅड टाकले. जाहिरातीत ते पॅड तेल पितात. इथे ते तेलावर पडून राहिले, खालून एक काळा थर चिकटला आणि वरून पांढरेच्या पांढरे. शेवटी फावडी, बादल्या आणि भुसा. भुशानेही तेल प्यायलं असं नाही, तेल भुशात कालवलं गेलं आणि उचलता येण्याजोगं झालं, इतकंच. सैल बुचातून बादलीभर तरी पाण्यात गेलं असेल. सकाळपर्यंत बंदरात त्याचा रंगीत तवंग दिसत होता.

म्हणून भाच्याच्या फोमकडे बघताना माझ्या डोक्यात पहिला प्रश्न आला, की हे नव्वद पट कुठल्या तेलाचं? आणि दुसरा : पिऊन झाल्यावर तो फोम कुठे टाकायचा?

मग घरातच प्रयोग केला. परातीत समुद्राचं पाणी, वर गॅरेजवाल्याकडून आणलेलं स्कूटरचं जळकं ऑइल, आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा. जुन्या उशीतला सावरीचा कापूस पाच ग्रॅम टाकला. तो पाण्यावर अलगद बसला आणि पाच-सात मिनिटांत काळा झाला. चाळणीत अर्धं मिनिट निथळू दिला. काट्यावर दीडशे ग्रॅमच्या वर. कोकोपीट टाकलं तर त्याने तेलाआधी पाणीच प्यायलं आणि ते तळाशी गेलं. उसाचं चिपाड मधलं : तेल धरलं, पण तासाभरात जड होऊन अर्धं बुडालं.

म्हणजे उशीतला कापूसच तीसेक पट पितो. मग प्रयोगशाळेतल्या फोमचं एवढं कौतुक कशाला? इथे कोणी या विषयातलं आहे का?

काठावरचा_बेडूक
आधी वहिनींना उशीचं सांगितलंत का ते लिहा. बाकी चर्चा नंतर.

सेल्युलोजवाली
चीफकाका, या धाग्यासाठी चार महिन्यांनी लॉगिन केलं. माझी पीएचडी नेमकी यातच चालली आहे, सेल्युलोजचे, म्हणजे झाडांच्या तंतूंतल्या मूळ पदार्थाचे फोम. घरचे विचारतात "काय करतेस" तेव्हा मी "महागडा पापड वाळवते" असं सांगते, ते का हे पुढे येईल.

तुमच्या भाच्याचा मेसेज बहुधा सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या कामाबद्दल आहे. २०१६ च्या सुमारास तिथल्या गटाने रद्दी कागदाच्या तंतूंपासून एरोजेल, म्हणजे जवळपास सगळा हवेचाच असा अतिहलका फोम, केलं, आणि नव्वद पटींपर्यंतचा आकडा त्यांचाच. त्याआधी २०१४ मध्ये स्वित्झर्लंडच्या एम्पा संस्थेने लाकडाच्या नॅनोसेल्युलोजचा (सेल्युलोजच्या अतिसूक्ष्म तंतूंचा) स्पंज केला होता, तो पन्नास पटींपर्यंत जातो. आकडे खरे आहेत. पण 'पट' या शब्दात एक गंमत दडली आहे आणि ती बातमीत कधी येत नाही.

एक लिटरचा फोमचा ठोकळा घ्या. वजन दहा ग्रॅम. म्हणजे त्यात ९९ टक्क्यांहून जास्त हवा. सगळ्या हवेच्या जागी तेल भरलं तर किती मावेल? जेमतेम एक लिटर, म्हणजे नऊशे ग्रॅमच्या आतबाहेर. नऊशे भागिले दहा, झाले नव्वद पट. आता तेवढाच ठोकळा वीस ग्रॅमचा करा. तेल तेवढंच मावतं, पण आकडा लगेच पंचेचाळीसवर येतो. घरातल्या गादीचा साधा पॉलियुरेथेन फोम लिटरला पंचवीस-तीस ग्रॅम भरतो, म्हणून तो तिसाच्या आसपास. २०१३ मध्ये चीनच्या झेजियांग विद्यापीठात ग्राफीनचं (कार्बनच्या अतिपातळ पापुद्र्यांचं) एरोजेल केलं, लिटरला ०.१६ ग्रॅम इतकं हलकं, आणि त्या घराण्याने नऊशे पटींपर्यंतचे आकडे दिले.

थोडक्यात, 'किती पट' हा आकडा फोम किती तेल पितो यापेक्षा तो किती हलका आहे हेच जास्त सांगतो. एक लिटर फोम एक लिटरपेक्षा जास्त तेल धरूच शकत नाही, मग तो रद्दीचा असो, ग्राफीनचा असो की सोन्याचा.

आणि दुसरं. हे आकडे बहुतेक वेळा पातळ तेलांवरचे असतात : पंपाचं तेल, मोटरचं तेल, डिझेल. तुमच्या काकवीवरचे नव्हेत. समईची वात आठवा. तेल वातीत चढतं, गोठलेलं तूप चढत नाही. द्रव जितका घट्ट, तितका तो बारीक छिद्रांत हळू शिरतो. छिद्रं मोठी केली तर घट्ट तेल आत शिरेल, पण फोम उचलला की त्याच मोठ्या छिद्रांतून ते गळूनही जाईल. आमची निम्मी डोकेदुखी याच खेचाखेचीत आहे. तुमचे पांढरे पॅड पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या बारीक तंतूंचे असणार. डिझेल सांडलं असतं तर त्यांनी बाजी मारली असती.

तुमची तीस सेकंदांची चाळणी बघून मात्र हसले. शोषकांच्या प्रमाणित चाचणीतही असंच टांगून निथळू देतात आणि मग वजन करतात. नकळत बरोबर केलंत.

स्पष्टवक्ता
म्हणजे सगळा पेपर छापण्याचा उद्योग. उशीच्या कापसाने होतं ते काम करायला करोडोंचं फंडिंग. टाळ्या.

सेल्युलोजवाली
@स्पष्टवक्ता, चिडचिड समजू शकते, पण अगदी तसं नाही. सावर मोकळी टाकली तर वाऱ्याने उडते, दाबून भरली तर तिची हवा जाते आणि आकडाही जातो. ती गोळा करायची तर कशात तरी शिवावी लागते. फोमचा ठोकळा हाताने उचलता येतो, पिळून पुन्हा वापरता येतो, पाहिजे त्या आकाराचा कापता येतो. फरक इथे आहे.

पण किमतीबद्दल तुमचं खरं आहे. माझा 'महागडा पापड' असा होतो : नॅनोसेल्युलोजचं पाण्यातलं कालवण, त्यात जेमतेम एक टक्का सेल्युलोज. ते गोठवायचं आणि मग निर्वातात त्यातला बर्फ पाणी न होऊ देता थेट वाफ करून काढायचा. पाणी द्रवरूपात सुटलं की भिंती एकमेकींना चिकटतात आणि फोमचा पापड होतो. एक किलो फोमसाठी नव्व्याण्णव किलो बर्फ उडवायचा. वीजबिल विद्यापीठ भरतं म्हणून हे चालतं.

आणि सेल्युलोजला मुळात पाणी आवडतं. नुसता फोम पाण्यावर टाकला तर तो पाणी पिऊन बसतो, तुमच्या कोकोपीटसारखा. म्हणून त्यावर सिलेन या पाणी झटकणाऱ्या रसायनाचा थर चढवतात, की पाण्याचा थेंब मोत्यासारखा वर बसतो आणि तेल आत शिरतं. सावरीला हे निसर्गाने फुकट दिलंय : आतून पोकळ तंतू आणि बाहेरून मेण. रुईच्या झाडाच्या त्या उडणाऱ्या म्हाताऱ्या आठवतात? त्याही अशाच, पोकळ आणि मेणचट.

वऱ्हाडी_गाठ
रुई म्हटलं की आम्ही वेगळंच समजतो. आमच्याकडे सरकी काढून राहिलेला कापूस म्हणजे रुई. माझा जिनिंगचा धंदा होता, आता मुलगा बघतो.

सावरीचं कौतुक चाललंय म्हणून सांगतो, कच्च्या कापसावरही मेण असतं. मेडिकलमधून आणलेला पांढरा कापूस पाण्यात टाका, लगेच बुडतो, कारण धुऊन ब्लीच करताना मेण काढून टाकलेलं असतं. जिनमधून निघालेला कापूस टाका, बराच वेळ तरंगतो. अमेरिकेत टेक्सास टेक विद्यापीठात शेषाद्री रामकुमार यांनी यावर काम केलंय. कमी मायक्रोनेअरचा, म्हणजे नीट न भरलेल्या, अपक्व तंतूचा कापूस एका पौंडाला तीस पौंडांहून जास्त कच्चं तेल धरतो असं त्यांना आढळलं. बारीक तंतू, म्हणून पृष्ठभाग जास्त.

आता गंमत बघा. हाच कापूस घेऊन शेतकरी आला की व्यापारी नाक मुरडतो. फरदडीचा, शेवटच्या वेचणीचा, कवडी झालेला माल. भाव पाडून मागतात. मी स्वतः पाडलाय, खोटं कशाला बोलू. त्याला जर तेलाचं गिऱ्हाईक मिळालं तर बरंच आहे. पण एक शंका : तेलाचा अपघात काही दर महिन्याला होत नाही. त्या एका दिवसासाठी गाठी कोण साठवून ठेवणार?

सेल्युलोजवाली
काका, नेमका प्रश्न. समुद्रातला अपघात क्वचित होतो, पण गॅरेज, वर्कशॉप, रेल्वेचं यार्ड, ट्रान्स्फॉर्मरचं तेल, कारखान्यातली रोजची सांडलवंड, हे गिऱ्हाईक वर्षभर आहे. नैसर्गिक शोषकांचा धंदा जिथे चालतो तिथे तो याच्यावर चालतो. कॅनडात पीट (दलदलीतला अर्धवट कुजलेला पालापाचोळा) आणि मिल्कवीडची शोषकं विकली गेली आहेत. मिल्कवीड म्हणजे आपल्या रुईच्या झाडाची चुलत बहीण.

करंजाकर
इथं सगळे ग्रॅममध्ये बोलतायत. मी आमचं सांगतो.

७ ऑगस्ट २०१०. मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया या दोन जहाजांची टक्कर झाली. चित्रा कलंडली, कंटेनर पाण्यात, आणि आठशे टनांच्या आसपास तेल बाहेर. काही कंटेनरांत कीटकनाशक होतं, म्हणून आधी सगळे त्यालाच घाबरले. तेल आमच्याकडे मागाहून आलं, भरतीबरोबर.

पावसाळी मासेमारीबंदी संपत आली होती. होड्या रंगवून, डोली (मोठी जाळी) शिवून तयार. बंदी उठल्यावर पहिल्या काही दिवसांत जे जाळं टाकलं ते वर आलं तेव्हा आसावर, म्हणजे जाळ्याच्या भोकांवर, काळं मेण थापल्यासारखं. ते धुता येत नाही. रॉकेलने पुसलं तर दोरा कडक होतो. आमच्या घरचं एक डोल आम्ही शेवटी कापून टाकलं. आणि मासा स्वच्छ असला तरी बाजारात कोणी हात लावत नव्हतं. बाई टोपली घेऊन दादरपर्यंत जायची आणि परत आणायची.

पण मला फोमबद्दल विचारायचंय ते तिवरांचं. उरण, न्हावा, घारापुरीच्या बाजूला तेल खारफुटीत शिरलं. तिवराची मुळं चिखलातून बोटांसारखी वर आलेली असतात, झाड त्यातून श्वास घेतं. त्या प्रत्येक बोटाला काळी टोपी बसली होती. तिथं बूम, म्हणजे तेल अडवायचा तरंगता बांध, चालत नाही, मशीन चालत नाही. माणूस आत गेला तर गुडघाभर चिखल, आणि पायाने तेल अजून खाली दाबलं जातं. साफ करायला गेलेल्यांनीच जास्त नुकसान केलं असं आमचे म्हातारे म्हणायचे. निवट्या आणि चिंबोरी पुढे किती दिवस दिसली नाही.

तर तुमचा फोम तिथं टाकला आणि परत काढता नाही आला तर काय?

माएबूरला_होते
करंजाकरदादांची पोस्ट वाचून लिहावंसं वाटलं. २०२० साली मी नवऱ्याच्या नोकरीमुळे मॉरिशसला होते. आग्नेय किनाऱ्यावर माएबूर नावाचं गाव आहे, तिथून जवळ राहायचो. २५ जुलैला वाकाशियो नावाचं जपानी मालकीचं भलंमोठं जहाज पॉइंट देस्नीच्या प्रवाळावर चढलं. रोज संध्याकाळी लोक किनाऱ्यावर बघायला यायचे, जत्रेसारखे. बारा दिवस ते तसंच होतं. ६ ऑगस्टला फुटलं आणि हजारेक टन तेल लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळाच्या आतल्या उथळ पाण्यात आलं.

सरकार म्हणत होतं, लांब राहा. कोणी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी माएबूरच्या किनाऱ्यावर शेकडो लोक आणि ट्रकच्या ट्रक उसाचं पाचट. तिथे तेव्हा ऊसतोडणीचा हंगाम असतो, पाचटाला तोटा नाही. कापडाच्या लांबलचक पिशव्या शिवायच्या, त्यात पाचट ठासायचं, मध्ये तरंगायला प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्या, आणि दोरीने एकाला एक जोडून समुद्रात. मी शिवणाऱ्यांच्या रांगेत होते. माझ्या शेजारी एक आजी, आडनाव अस्सल कोकणी, बोलायच्या क्रिओल. मी मराठी आहे कळल्यावर मला म्हणाल्या, "दोरा दे." तेवढंच मराठी, पण काय वाटलं ते सांगता येत नाही.

सलूनवाले फुकट केस कापून देत होते, ते केसही पिशव्यांत गेले.

आता चीफकाकांचा प्रश्न. त्या पाचटाने तेल प्यायलं का? थोडंफार. पण खरं काम झालं ते अडवण्याचं. पिशव्यांची भिंत तयार झाली, तेल तिच्याशी येऊन साचलं आणि तिथून बादल्यांनी, पंपांनी उचलता आलं. दोन-तीन दिवसांत पिशव्या पाण्याने इतक्या जड व्हायच्या की चार माणसांना ओढवत नसत. आणि वास! डोकं धरून यायचं. मी रात्री खोबरेल तेलाने हात चोळून काढायचे, साबणाने जात नव्हतं.

त्या पाचटाच्या काळ्या पिशव्यांचे ढीग किनाऱ्यावर किती दिवस होते ते विसरता येत नाही. पाचट कुजतं हो, पण तेलात बुचकळलेलं पाचट कोण शेतात घेणार?

उसाचा_फड
ताई, अंगावर काटा आला. आमच्याकडे पाचट जाळू नका, सरीत कुजवा म्हणून कृषी खातं कानीकपाळी ओरडतं. तेच पाचट समुद्रात भिंत होऊन उभं राहिलं!

एक शंका. पाचट आणि बगॅस (रस काढून उरलेलं चिपाड) यात फरक पडेल का? बगॅस कारखान्यावर बॉयलरला जातं, त्यामुळे फुकट नाही, पण त्यातला मऊ भुसा चांगला शोषतो. कोंबड्यांच्या शेडमध्ये अंथरतात.

सेल्युलोजवाली
मऊ भुशालाच आम्ही पिथ म्हणतो, तो धाग्यांपेक्षा जास्त शोषतो. अडचण तीच, तेलाआधी पाणी. त्यावर मेणाचा किंवा स्टिअरिक आम्लाचा हलका थर देणं हे सिलेनपेक्षा स्वस्त आणि कुजण्याच्या दृष्टीने सरळ. आमच्या प्रयोगशाळेत एक मुलगा मधमाशीचं मेण वापरतो. त्याच्या टेबलावर मुंग्या असतात.

आता माएबूरच्या ताईंचा आणि करंजाकरदादांचा मुद्दा एकत्र घेते, कारण खरा तिढा हाच आहे.

'बायोडिग्रेडेबल' या शब्दाने लोकांना वाटतं, फोमने तेल प्यायलं, टाकून दिला, मातीत गेला, विषय संपला. तसं नाही. फोम कुजतो, तेल तिथेच राहतं. तेलात बुडालेला कापूस, पाचट, फोम, सगळं २०१६ च्या घातक कचरा नियमांत बसतं. तो शेतात, खड्ड्यात, कंपोस्टमध्ये टाकता येत नाही. अधिकृत भट्टीत जाळायचा किंवा सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून द्यायचा. जाळायचंच असेल तर तो कुजणारा होता की नव्हता, त्या टोकाला काय फरक पडला?

फरक दोन ठिकाणी पडतो. एक, अलीकडच्या टोकाला : तो खनिज तेलापासून केलेला नाही, आणि रद्दी-भुसा-कवडी कापसाचा आहे. तेल टिपायला तेलापासूनच केलेला पॉलिप्रॉपिलीनचा पॅड वापरणं मला कायम विचित्र वाटतं. दोन, जो तुकडा हातातून निसटतो, तिवरांत अडकतो, परत मिळत नाही, त्याच्यासाठी. पॉलियुरेथेनचा तुकडा तिथे वर्षानुवर्षं झिजत राहील आणि त्याचे बारीक कण चिंबोरीच्या पोटात जातील. सेल्युलोजचा तुकडा कुजेल. त्याच्या अंगावरचं तेल जिवाणूंनी खायचं तर त्यांना हवा, नत्र आणि स्फुरद लागतं. अलास्कात १९८९ च्या एक्झॉन व्हाल्डीझ अपघातानंतर किनाऱ्यांवर चक्क खत फवारलं होतं ते यासाठीच. आपल्याकडे टेरी संस्थेने तेल खाणाऱ्या जिवाणूंचं ऑइलझॅपर नावाचं मिश्रण केलंय. पण खारफुटीच्या चिखलात वरचा पातळ थर सोडला तर हवाच नसते. खाली गेलेलं तेल तसंच बसून राहतं.

म्हणून दादा, प्रामाणिक उत्तर : परत काढता येणार नसेल तर भरपूर फोम टाकूच नका. तेल मुळांपर्यंत पोचायच्या आधी, खाडीच्या तोंडाशी अडवायचं. आत शिरलं असेल तर भरतीच्या पाण्यावर मोकळं तरंगणारं तेल टिपायला दोरीला बांधलेला, ओढून घेता येणारा फोम ठीक आहे. दोरी महत्त्वाची.

आणि 'कुजतो' असं लेबल दिसलं की कुठे कुजतो ते विचारा. पीएलएसारखं 'कुजणारं' म्हणून विकलं जाणारं प्लास्टिक औद्योगिक कंपोस्टच्या साठ अंशांच्या आसपासच्या उष्णतेत कुजतं. समुद्राच्या पाण्यात ते जवळपास तसंच राहतं. सिलेनचा जाड थर दिलेला सेल्युलोजही साध्यापेक्षा हळू कुजतो. पाण्यापासून वाचवायचं म्हणजे जिवाणूंपासूनही थोडं वाचवणं आलंच. हे आमच्या धंद्यातलं न बोललं जाणारं सत्य.

पणजीकर_पात्रांव
आमच्या गोव्यात पावसाच्या तोंडावर किनाऱ्यावर डांबराचे गोळे येतात, पर्यटक तळपाय काळे करून हॉटेलच्या चादरींवर चढतात. फोमने ते जातील का?

दर्याचीफ
पात्रांव, गोळा झाला म्हणजे त्यातलं पातळ सगळं उडून गेलं. तो फोमने प्यायचा नाही, फावड्याने उचलायचा. तळपायाला खोबरेल तेल लावा, माएबूरच्या ताईंनी सांगितलंय तसं.

स्पष्टवक्ता
आणि ते केसांचं काय? माझ्या सलूनवाल्याला रोज पोतंभर केस फेकताना बघतो.

दर्याचीफ
केसांची कथा अमेरिकेतली. अलाबामातल्या फिल मॅक्रोरी नावाच्या केशकर्तनकाराने १९८९ मध्ये टीव्हीवर तेलात माखलेले पाणमांजर बघितले आणि दुकानातले केस बायकांच्या नायलॉन मोज्यात भरून बघितले. केसाला तेल चिकटतं हे खरंच आहे, आपण उगाच चंपी करत नाही. पण २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात मोठी गळती झाली तेव्हा जगभरातून केस आले आणि अधिकाऱ्यांनी ते वापरले नाहीत. चाचणीत केसांच्या पिशव्या पाणी जास्त घेत होत्या आणि जड होत होत्या. ताईंच्या पाचटासारखंच.

आता माझा हिशोब मांडतो, सेल्युलोजवाली ताईंनी दिलेल्या किल्लीने. चित्राचं तेल आठशे टन, म्हणजे साधारण नऊशे घनमीटर जागा. फोम कुठलाही असो, नव्वद पटींचा की तीस पटींचा, तेवढं सगळं टिपायचं तर किमान नऊशे घनमीटर फोम लागणार. एका मोठ्या ट्रकमध्ये चाळीस घनमीटर धरला तर बावीस-तेवीस ट्रक. आणि हे शेवटच्या छिद्रापर्यंत तेल भरलं तर. त्यातून समुद्रावर दोन दिवस घुसळलं गेलेलं तेल पाणी पिऊन तीन-चार पट फुगतं, त्याचं चॉकलेटी लोणी होतं. मग ट्रकही तेवढे पट करा. नव्वद पटींमुळे ट्रक कमी होत नाहीत, फक्त हलके होतात. हे कळायला मला बत्तीस वर्षं आणि एक उशी लागली.

म्हणूनच कोस्ट गार्डवाले आधी बूमने घेरतात, स्किमरने, म्हणजे तवंग ओढून घेणाऱ्या यंत्राने उचलतात, आणि शोषक शेवटी, उरल्यासुरल्या तवंगासाठी. आणि ते नाही जमलं की काय होतं तेही आपण बघितलंय. जानेवारी २०१७ मध्ये चेन्नईजवळ एन्नोरला दोन जहाजं धडकली, तेव्हा माणसं रांगेने बादल्यांनी गाळ उपसत होती. माझ्या डेकसारखंच, फक्त डेक काही किलोमीटर लांब.

करंजाकर
ट्रकचं सोडा. मला खाडीच्या तोंडाला बांधायला दोनशे मीटर लांब काहीतरी पाहिजे, जे आमच्या होडीत मावेल, आम्हीच टाकू आणि आम्हीच ओढून घेऊ. भरती काही सरकारी माणूस येईपर्यंत थांबत नाही. जुन्या डोलीच्या जाळ्यात सावर भरली तर?

वऱ्हाडी_गाठ
जाळ्याचे आस मोठे असतात, सावर निसटेल. आत गोणपाटाची नळी घाला. आणि सावर नको, कवडी कापूस घ्या, मी पाठवतो. दाबू नका मात्र, पिंजून सैल भरा.

सेल्युलोजवाली
गोणपाट पाणी पितं. कांदे भरतात ती जाळीची पिशवी बारीक आसाची मिळाली तर बघा. प्लास्टिक आहे, पण बांधून ठेवणार आणि परत घेणार, तर चालेल. एक मीटरचा तुकडा करून आधी तासाभराने, मग भरती-ओहोटी एकदा झाल्यावर वजन करा. तेल न लावता, नुसतं पाण्यात. किती पाणी घेतो ते कळलं की निम्मं उत्तर मिळालं.

दर्याचीफ
करंजाकर, रविवारी बोटीने येतो. वजनकाटा आणतो, या वेळी माझा. वऱ्हाडीदादा, दोन किलो पुरेल, पत्ता व्यनि (खासगी निरोप) करतो. प्रयोगातली ती काळी उशी गॅरेजवाल्याने त्याच्या जळक्या ऑइलच्या पिंपाबरोबर घेतली. उचलायला येतो त्यालाच देतो म्हणाला, पुढे कुठे जाते ते विचारलं तर हसला.

आणि बेडूकराव, वहिनींना काल कळलं.